बेडकीचा पाला व भुईआवळी : गुण किती, भरंवसा किती

आमच्या शेतकरी बंधूंच्या कुंपणावर व बांधावर दोन वनस्पती पुष्कळ ठिकाणीं फुकट वाढतात. एक बेडकीचा पाला, ज्यास बाजारांत गुडमार म्हणतात, दुसरी भुईआवळी. पहिलीचा रस मधुमेहावर व दुसरीचा काविळीवर देण्याची चाल जुनी आहे. महसूल खात्यांतील कारकुनीतून निवृत्त होतां होतां आम्हांस मधुमेह जडला, तेव्हां या पाल्याची पारख स्वतःच्या अंगावर करावी लागली. तो अनुभव व त्यानंतर मिळविलेली माहिती वाचकांपुढें ठेवीत आहों.

गुडमार ही झाडाझुडपांवर चढणारी वेल. पानें समोरासमोर, लंबगोल व किंचित् लवदार असतात. एक पान चांगलें चावून तोंडांत साखर टाकावी. ती वाळूसारखी लागते. आंबट मात्र आंबटच राहतें. १८८७ सालीं डेव्हिड हूपर यांनीं या पानांतून एक अम्लद्रव्य वेगळें काढलें. तें जिभेवरील गोडी जाणणाऱ्या ठिकाणांस चिकटून बसतें, म्हणून कांहीं वेळ गोडी कळत नाहीं.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. जिभेवरची गोडी मेली म्हणजे रक्तांतील साखर मेली, असें नव्हे. एका शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आम्हीं रोज सकाळीं पाल्याचा रस घेऊं लागलों व डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. गोड खाण्याची वासना कमी झाल्यामुळें पहिले पंधरा दिवस बरें वाटलें. पुढें पायाच्या अंगठ्यास कांटा लागून जखम झाली, ती दोन महिने भरेना. तपासतां रक्तांतील साखर पूर्वीच्या दुपटीहून अधिक निघाली. अंगठा वांचला तो गोळ्या पुन्हां सुरू केल्यामुळें, पाल्यामुळें नव्हे.

तथापि पाला अगदींच निर्गुण म्हणणें अन्यायाचें होईल. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या मद्रास येथील प्रयोगांत, गोळ्या घेणाऱ्या २२ रोग्यांस या पानांचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम याप्रमाणें १८ ते २० महिने दिला. साखर उतरली व पांच जणांच्या गोळ्या सुटल्या. परंतु रोगी थोडे होते, अर्क मोजून दिला होता, आणि गोळ्या एकाएकीं न तोडतां हळूहळू कमी केल्या होत्या. पाट्यावर वाटलेल्या मूठभर पाल्यांत तें द्रव्य किती, हें कोणास सांगतां येईल? शिवाय गोळ्यांबरोबर मनास येईल तितका पाला घेतल्यास साखर फार खालीं जाऊन घाम, कंप व मूर्च्छा येण्याचें भय आहेच.

भुईआवळीची कथा अशीच. १९८८ सालीं मद्रासच्याच त्यागराजन प्रभृतींनीं 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू अंगीं असलेल्यांस तिची पूड तीस दिवस दिली. ३७ पैकीं २२ जणांच्या रक्तांतून विषाणूची खूण नाहींशी झाली. जगभर आशा पसरली. पण थायलंडांत प्रयोग करून पाहतां तसें फळ आलें नाहीं, व २०११ सालीं अनेक प्रयोगांची एकत्र छाननी झाली तींतही खात्रीचा पुरावा मिळाला नाहीं. मग गांवोगांवीं कावीळ उतरते ती कशी? दूषित पाण्यानें होणारी कावीळ बहुधा कांहीं आठवड्यांत आपोआप उतरते. यश मात्र पाल्याच्या खातीं जमा पडतें. अशी चुकीची जमा आम्हीं दप्तरांत जन्मभर शोधली. स्वतःच्या अंगावरची तेवढी उशिरां सांपडली!

'झाडपाला आहे, अपाय काय करणार?' असें म्हणणाऱ्यांनीं गुळवेलीचा दाखला ध्यानांत ठेवावा. २०२० सालीं मुंबईंत गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचें डॉक्टरांनीं नोंदलें. आयुष मंत्रालयानें त्यावर आक्षेप घेतला हें खरें. तरी सावधगिरी सोडूं नये. खुद्द गुडमाराच्या सेवनानें यकृतास सूज आल्याचें एक उदाहरण २०१० सालीं प्रसिद्ध झालें आहे.

सारांश, कुंपणावरची वेल खुशाल राखावी. औषध म्हणून पाला घ्यावयाचा झाल्यास वैद्य व डॉक्टर दोघांसही सांगून घ्यावा, गोळी वा इन्सुलिन आपल्या मतानें बंद करूं नये, व रक्त वरचेवर तपासावें. कावीळ दिसतांच आधीं रक्ततपासणी करावी. रोगी गुंगूं अथवा बरळूं लागल्यास त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. साऱ्याचा हप्ता चुकला तर तो मागाहून भरतां येतो. गेलेला अंगठा मागाहून भरून मिळत नाहीं.