तोंडपाठ येते, वाचता येत नाही

सायंवंदनेची वेळ शिक्षकालाही बरेच काही शिकवून जाते. त्रिसरण-पंचशील अस्खलित म्हणणारा एक विद्यार्थी आमच्या वर्गात होता. तेच पंचशील छापील कागदावर समोर ठेवले की तो पहिल्याच ओळीला अडखळे. आम्ही त्याला प्रत्येक चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहावयास लावला. पन्नासही वेळा तो चुकीचाच लिहिला गेला. हा आळस नव्हे, हे उमगण्यास आम्हांला दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे त्या मुलाची गेली, आमची नव्हे.

या अवस्थेस डिस्लेक्सिया म्हणतात. ती बुद्धीची उणीव नाही आणि डोळ्यांचा दोषही नाही. उच्चारलेला शब्द ध्वनींत फोडणे, त्या ध्वनींची अक्षरांशी सांगड घालणे आणि ती सांगड झटपट आठवणे, या क्रिया अशा मुलास जड जातात. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या चलाख मुलाची अशीच हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती.

देवनागरी उच्चारानुसारी आहे, म्हणून मराठी मुलास हा त्रास होत नाही, असा समज आढळतो; तो खरा नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चार मात्र नंतर होतो. ‘क्रम’ आणि ‘कर्म’ यांत एकच र एकदा पायाशी, तर एकदा डोक्यावर बसतो. घ-ध, भ-म या जोड्या आणि जोडाक्षरे येथे ही मुले वारंवार घसरतात.

तथापि प्रत्येक चूक म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे. ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील आपल्या मुलांच्या घरी नाना बोली नांदतात. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिणारे मूल आपली बोली लिहीत असते. वीटभट्टीवरील कुटुंबासोबत गावोगाव फिरलेले मूल वर्गात पुरेसे बसलेलेच नसते. नीट शिकवून आणि सराव देऊनही अडचण टिकून राहिली, तरच शंका घ्यावी.

हा विवेक आपल्याला विशेष आवश्यक आहे. ‘यांच्या नशिबी अक्षर नाही’ हे आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. त्यामुळे ‘मंद’ हा शिक्का आपल्या मुलावर लवकर बसतो, आणि त्याच जखमेमुळे पालक दिव्यांगत्वाचा दाखला नाकारतात. त्यांना सांगितले पाहिजे की हा दाखला कलंक नसून हक्काचे साधन आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि अशी मुले शोधण्यासाठी दर पाच वर्षांनी शालेय सर्वेक्षण करण्याची तरतूदही आहे. प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे.

अडचण पोहोचण्याची आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणी होते. परंतु डोळे, कान, बुद्धिमापन, शैक्षणिक चाचणी यांसाठी अनेक खेपा पडतात. कल्याणहून लोकलने जाणाऱ्या रोजंदारीवरील आईची प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी बुडते.

दाखला हाती येईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. शब्द टाळ्यांनी फोडून म्हणून घ्यावा. अक्षर वाळूत बोटाने गिरवताना त्याचा ध्वनी मोठ्याने उच्चारावा. घ आणि ध एकाच दिवशी शिकवू नयेत. रोज थोडे, परंतु नेमाने वाचून घ्यावे. सर्वांदेखत अचानक वाचावयास उभे करू नये. इतिहासाचे उत्तर तोंडी दिले तरी ते इतिहासाचेच उत्तर आहे.

चूळपंथक भिक्खूस चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून सख्ख्या थोरल्या भावाने त्यास विहारातून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याच्या हाती स्वच्छ वस्त्र देऊन ते चोळावयास सांगितले. ते मळत गेलेले पाहून त्यास अनित्यतेचा बोध झाला आणि तो अर्हत झाला. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्ही त्यास आजचे निदान चिकटवणार नाही. परंतु शिष्य तोच असताना तथागतांनी शिकविण्याची रीत बदलली, एवढे त्या कथेत स्पष्ट आहे.

या शाळेत मूल चोवीस तास आपल्या नजरेसमोर असते. ही संधी दिवसाच्या शाळेस लाभत नाही. म्हणून या प्रसंगी आमची एकच विनंती आहे. तिसरीपासून, जे तोंडी हुशार परंतु वाचनात मागे आहेत, अशांची नोंद वर्गशिक्षक व वसतिगृह अधीक्षक यांनी मिळून ठेवावी, आणि तपासणीच्या खेपा शाळेनेच आपल्या खर्चाने कराव्यात. आईची मजुरी वाचेल आणि मुलाची वर्षेही वाचतील.