राजाचा वांटा

राजा म्हटला कीं सिंहासन, छत्र, चामरें आणि हुकुमाची वाट पाहणारें सैन्य डोळ्यांपुढें उभें राहतें. ऋग्वेदांतील ‘राजन्’ या चित्रांत बसत नाहीं. मिसर व सुमेर या देशांत राजे याहून पुष्कळ आधीं झाले. परंतु राजपद आकार घेत असतांनाचे शब्द भारतीय वाङ्मयांत जसे टिकून राहिले आहेत तसे फार थोड्या ठिकाणीं राहिले. ऋग्वेदांतला राजा एका जनाचा, म्हणजे टोळीचा, नायक होता. त्याच्यापाशीं खडें सैन्य नव्हतें. प्रसंग पडला म्हणजे टोळींतील पुरुष शस्त्रें घेऊन त्याच्यामागून निघत. सभा आणि समिति यांचें मन त्याला राखावें लागे. लढाईला ‘गविष्टि’ असा एक शब्द होता व त्याचा मूळ अर्थ गाईंची इच्छा एवढाच आहे. गाई आणाव्या आणि वांटून टाकाव्या. राजानें किती सांठविलें याचें नव्हे, तर किती दिलें याचें कौतुक दानस्तुतींत आढळतें.

अशा नायकाला लोक जें आणून देत त्याचें नांव ‘बलि’. देवापुढें ठेवावयाच्या उपहारालाही हाच शब्द होता. जिंकलेल्या टोळ्यांकडून बलि जबरीनें घेतला जाई हें खरें. परंतु स्वजनांपाशीं जबरी फार चालण्यासारखी नव्हती. ज्याचें धन चार पायांवर चालतें तो रुसला तर धनासह निघून जाऊं शकतो.

इ. स. पू. १००० नंतरच्या शतकांत गंगा-यमुनेच्या दुआबांत हें हळूहळू पालटलें. शेती वाढली, लोखंड वापरांत आलें, वस्त्या स्थिरावल्या. धान्य मोजतां येतें, सांठवितां येतें. आणि मुख्य म्हणजे शेत उचलून नेतां येत नाहीं. राजपदाचा उगम शूर पुरुषाच्या मनगटांत शोधण्याचा प्रघात आहे. शूर पुरुष प्रत्येक टोळींत होतेच. तो शोध कोठारापाशीं करणें अधिक फलदायी.

शतपथ ब्राह्मणांत या पालटाची खूण सांपडते. राजसूय यज्ञांत राजा ‘रत्नी’ म्हणविणाऱ्यांच्या घरोघर जाऊन आहुति देतो. सेनानी, पुरोहित, पट्टराणी, सूत, ग्रामणी अशी ती मंडळी. आणि त्यांतच एक ‘भागदुघ’. भाग म्हणजे वांटा, दुघ म्हणजे दोहणारा. गाय दोहावी तसा प्रजेपासून वांटा काढणारा अधिकारी आतां राजाच्या निकटच्या माणसांत बसला होता. राजा या मंडळींच्या दारीं जातो, म्हणजे त्यांच्यावांचून त्याचें अद्याप चालत नाहीं. पण ‘विश्’ म्हणजे जो सामान्य जनसमूह, ज्यांतून हे सारे निघाले, तो खालीं राहिला. त्याच ग्रंथांत विशेला जवाची आणि राज्यसत्तेला जव खाणाऱ्या हरिणाची उपमा दिली आहे. उपमा देणारे पुरोहित त्या भोजनांतले वांटेकरी होते. म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची.

कोठार आणि नायकाचें घर यांची ही जवळीक महाराष्ट्रांतही उजेडांत आली आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन झालें. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या खेड्यांत एक घर पांच खोल्यांचें निघालें, आणि त्याच्या शेजारीं धान्याचें कोठार. संशोधकांनीं तें नायकाचें घर मानलें. पुढें शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागीं गोल झोंपड्या आल्या, आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास गांव ओस पडलें. कोठार भरेना, तेथें नायकाचा राजा झाला नाहीं.

गंगेच्या खोऱ्यांत कोठारें भरत राहिलीं. तेथेंही सर्वत्र एकच राजा झाला असें नव्हे. वैशालीच्या लिच्छवींत क्षत्रिय कुलांचे प्रमुख सारेच स्वतःला राजे म्हणवीत. एका जातककथेंत त्यांची संख्या ७७०७ दिली आहे. अशा गणराज्यांना लोकशाही म्हणण्याची हौस मोठी आहे. परंतु शेतांत राबणाऱ्या दासांना व मजुरांना त्या सभागृहांत जागा नव्हती. शासकवर्ग राजावांचूनही उभा राहूं शकतो, एवढें मात्र त्यावरून दिसतें.

वांटा नित्याचा झाला तेव्हां त्याचें कारण सांगणें प्राप्त झालें. दीघनिकायांतील कथेंत लोक भात सांठवूं लागतात, शेतांच्या हद्दी आंखतात, चोरी सुरू होते, आणि मग ते एकाला ‘महासम्मत’ म्हणून निवडून भाताचा भाग देऊं करतात. शांतिपर्वांत मत्स्यन्यायाला भ्यालेले लोक मनूकडे जातात. मनु प्रथम नाकारतो. तेव्हां ते पशु व सोनें यांचा पन्नासावा आणि धान्याचा दहावा भाग कबूल करतात. दोन्ही कथांत राजा व वांटा बरोबरच जन्मास येतात, आणि देणारे आपण होऊन देतात. दोहणाऱ्या भागदुघाचें नांव तेथें कोणी काढीत नाहीं.

या गोष्टीचा उपयोग कौटिल्याला नेमका ठाऊक होता. अर्थशास्त्रांत तो सांगतो कीं हेरांनीं तीर्थांत, सभांत व लोकांच्या जमावांत आपसांत वाद घालावा. एकानें राजाच्या दंडाला व करांना नांवें ठेवावीं आणि दुसऱ्यानें मनूची कथा सांगून त्याला गप्प करावें. हेराच्या तोंडच्या त्या कथेंत धान्याचा भाग दहावा नसून सहावा आहे.