परगांवचा एका रात्रीचा मुक्काम



परगांवचा मुक्काम म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रवासाची हौस, थंड हवेचें ठिकाण आणि सुटीचे चार दिवस उभे राहतात. परंतु आमच्या इंदापूर-बारामतीकडील लहान लॉजमध्यें हौसेनें उतरलेले पाहुणे थोडेच दिसतात. कोणी रुग्णालयांत ठेवलेल्या भावासाठीं आलेला असतो, कोणाची दुसऱ्या दिवशीं न्यायालयांत साक्ष असते, कोणी मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठीं आलेला बाप असतो, तर कोणी लग्नघरीं जागा न पुरल्यामुळें इकडे पाठविलेला मामा असतो. या सर्वांना दुसऱ्या दिवशीं सकाळीं कांहीं महत्त्वाचें काम उरकावयाचें असतें, आणि खिशांत पैसे बेताचे असतात. अशा मनुष्यानें थोडक्या खर्चांत रात्र सुखानें कशी काढावी, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी कळसचा राहणारा. सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत मुलें शिकविण्यांत गेलें. हिशेब हा माझा आवडता विषय. परंतु याच हिशेबानें मला एकदां चांगलेंच फसविलें, ती हकीकत प्रथम सांगतों.

तीन वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढण्यासाठीं आम्ही उभयतां एका लहान शहरीं गेलों होतों. शस्त्रक्रिया सकाळीं व्हावयाची होती. शेवटच्या एस. टी.नें पोंचलों, तेव्हां रात्रीचे दहा वाजून गेले होते. स्थानकासमोरच एक लॉज दिसला. त्याचें भाडें शेजारच्या लॉजपेक्षां दोनशें रुपयांनीं कमी आहे हें ऐकतांच मला आनंद झाला, आणि मीं तेथल्या तेथें पैसे मोजले. वर जाऊन पाहतों तों खिडकीला जाळी नाहीं, दाराची कडी आंतून बसत नाहीं, आणि भिंतीपलीकडे विजेचें जनित्र धडधडत आहे. दाराला खुर्ची लावून मी रात्रभर बसून राहिलों. ती बिचारी डास वारीत पडून राहिली. सकाळीं डॉक्टरांनीं तिचा रक्तदाब मोजला. तो इतका चढला होता कीं शस्त्रक्रिया आठ दिवस पुढें ढकलावी लागली. जाण्यायेण्याचा खर्च पुन्हां, मुलाची रजा पुन्हां, आणि तिच्या मनानें घेतलेली धास्ती ती वेगळीच. परततांना ती एवढेंच म्हणाली, "अहो, पैसे देण्याआधीं खोली तरी बघायची होती." दोनशें रुपये वांचविणाऱ्या हिशेबी गुरुजींना याहून कडक शेरा कोणत्याही तपासनिसानें दिला नव्हता.

तेव्हांपासून मीं एक नियम केला आहे. पिशवी खालीं ठेवण्यापूर्वीं पांच मिनिटें खोलीची परीक्षा करावयाची. पिशवी हातांत आहे तोंवर आपण गिऱ्हाईक असतों. ती खालीं ठेवून पैसे दिले कीं आपण अडलेले असतों. त्या पांच मिनिटांत काय पाहावें, हें सांगण्यापूर्वीं थोडें मागें जाऊं.

जुन्या काळीं वाटसरू देवळाच्या ओवरींत, गांवच्या चावडींत किंवा धर्मशाळेंत उतरत असे. अहल्याबाई होळकरांनीं देशभरच्या तीर्थक्षेत्रीं घाट बांधले, धर्मशाळा उभारल्या. तेथें भाडें नव्हतें, म्हणून तक्रारही नव्हती. भाडें घेऊन उतरवून घेणाऱ्या घरांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठीं इंग्रज सरकारनें १८६७ सालीं सराईंचा कायदा केला. सराईवाल्यानें खोल्या, ओसऱ्या, गटारें व विहिरी-टांकीं स्वच्छ राखावीं. भिंती, दरवाजे व छपरें दुरुस्त ठेवावीं. ज्यांच्या आधारानें चोर आंत-बाहेर करूं शकेल अशा झाडांच्या फांद्या तोडाव्या. जरूर तितके पहारेकरी नेमावे. आणि दरपत्रक सर्वांना दिसेल असें लावावें, अशीं त्यांत सराईवाल्याचीं कर्तव्यें घालून दिलीं होतीं. दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं. सराई गेली, लॉज आला. परंतु उतारूनें पाहावयाच्या गोष्टी त्याच राहिल्या आहेत. दर, दार, पहारा, पाणी आणि स्वच्छता या त्या पांच गोष्टी होत.

घरून निघण्यापूर्वीं मात्र दिवस कोणता आहे हें पाहावें, कारण लहान गांवांत खोल्या मोजक्या असतात. आषाढी वारीला संत तुकाराममहाराजांची पालखी देहूहून पंढरपुरास जातांना बारामती व इंदापूर येथें मुक्काम करते. त्या दिवसांत या वाटेवर आयत्या वेळीं खोली मिळेल, असें धरून चालूं नये. हिवाळ्यांत उजनी धरणाच्या पाण्यावर, भिगवणजवळ कुंभारगांव-डिकसळ या बाजूस, रोहित पक्षी येतात. ते पाहण्यास पुण्याकडील मंडळी शनिवार-रविवारीं लोटतात. आपलें काम मंगळवारीं किंवा बुधवारीं होण्यासारखें असेल तर तोच वार धरावा. हिवाळ्यांत साखर कारखान्यांचें गाळप चालू असतें. तेव्हां उसाचे ट्रॅक्टर रात्रभर धांवत असतात, आणि चालकाला झोप लागूं नये म्हणून त्यांवरचीं गाणींही मोठ्यानें वाजत असतात. अशा दिवसांत रस्त्याकडील हवेशीर खोलीपेक्षां मागील बाजूची साधी खोली शतपटीनें बरी. लग्नसराईंत शेजारीं मंगल कार्यालय आहे काय, हेंही विचारावें. रात्रीं १० ते सकाळीं ६ ध्वनिक्षेपक वाजवूं नये असा २००० सालापासून नियम आहे. पण वरातीचा उत्साह घड्याळाकडे पाहतोच असें नाहीं.

हीं चौकशी दूरध्वनीवरून आधींच करावी. मोबाईलवर दिसणारीं खोल्यांचीं चित्रें पाहण्यास हरकत नाहीं. परंतु चित्रांत जनित्राचा आवाज ऐकूं येत नाहीं आणि डास दिसत नाहींत. मध्यस्थामार्फत खोली राखून ठेवण्यापूर्वीं खुद्द लॉजवाल्याला दर विचारावा. मध्यस्थाची दलाली वांचत असल्यामुळें तो पुष्कळदां कांहीं कमी घेतो.

आतां दर. "भाडें किती?" असें न विचारतां "सर्व मिळून किती?" असें विचारावें. कर, जादा गादी, गरम पाणी, गाडी उभी करण्याची जागा, यांपैकीं काय धरलेलें आहे आणि काय नाहीं, तें तेव्हांच कळतें. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडें असलेल्या खोलीवर वस्तु व सेवा कर शेंकडा ५ आहे. त्यापूर्वीं तो शेंकडा १२ होता. म्हणजे हजार रुपयांच्या खोलीवर पन्नास रुपये. ज्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आंत आहे आणि ज्यानें या करासाठीं नोंदणी केलेली नाहीं, त्याला हा कर गिऱ्हाइकाकडून घेतां येत नाहीं. कर लावला असेल तर पावतीवर पंधरा अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक हवा. महाराष्ट्रांतला असा क्रमांक २७ या अंकानें सुरू होतो. पावती मागण्यांत संकोच कसला? किराणा घेतांना आपण वजन पाहतोंच कीं.

दरासारखीच वेळेचीही खात्री करावी. कांहीं ठिकाणीं चोवीस तासांचा हिशेब असतो, तर कांहीं ठिकाणीं दुपारीं बारा वाजतां खोली सोडावी लागते. रात्रीं नऊला पोंचणाऱ्या मनुष्याला पहिल्या पद्धतींत दुसऱ्या रात्रीच्या नऊपर्यंत खोली मिळते. दुसऱ्या पद्धतींत अवघे पंधरा तास मिळतात. न्यायालयांतील काम दुपारनंतर संपणार असेल तर हा फरक लहान नव्हे. खोली सोडावी लागली तरी सामान संध्याकाळपर्यंत कचेरींत ठेवून घ्याल काय, हें आधीं विचारलें तर बहुधा नकार मिळत नाहीं.

नोंदवहींत नांव-पत्ता खरा लिहावा आणि ओळखपत्राची प्रत द्यावी. आधारपत्र देतांना पहिले आठ अंक झांकलेली प्रत द्यावी. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळते, आणि तिच्यावर शेवटचे चारच अंक दिसतात. बरोबर परदेशचें नागरिकत्व घेतलेला पुतण्या किंवा भाचा असेल, तर तें फोनवरच सांगावें. परदेशी पाहुण्याची माहिती लॉजवाल्याला चोवीस तासांच्या आंत सरकारकडे कळवावी लागते. ही यातायात नको म्हणून लहान लॉजवाले पुष्कळदां आयत्या वेळीं खोली नाकारतात.

आतां पिशवी हातांत घेऊनच खोलींत चलावें. पहिलें दार. कडी आंतून लावून पाहावी, दार ओढून पाहावें. खिडकी गच्चीकडे किंवा सज्जाकडे उघडत असेल तर तिची खिटी तपासावी. १८६७ सालच्या त्या झाडाच्या फांदीची जागा आतां गच्चीनें घेतली आहे. रात्रीं खालीं कोण असतें, बाहेरचें दार किती वाजतां बंद होतें, आणि अडचणीच्या वेळीं जिना कोणत्या बाजूस आहे, हें विचारून ठेवावें.

दुसरें पाणी. नळ सोडून पाहावा. आमच्याकडे कूपनलिकेचें पाणी बहुधा जड असतें. त्यांत साबणाला फेस येत नाहीं. स्नानाला तें चालेल, परंतु पिण्याचें पाणी कोठून येतें तें स्वतंत्रपणें विचारावें. गरम पाणी सूर्याच्या उष्णतेवर तापत असेल तर तें सकाळीं ठराविक वेळींच मिळतें. ती वेळ विचारावी. स्नानघरांत विजेचें तापक असेल तर पाणी तापल्यावर तें बंद करूनच स्नानास बसावें. गॅसवर पाणी तापविणारें यंत्र स्नानघराच्या आंत असेल आणि हवा जाण्यास झरोका नसेल, तर ती खोली फुकट मिळाली तरी घेऊं नये. गॅस अपुऱ्या हवेंत जळूं लागला म्हणजे त्यांतून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. मनुष्याला गुंगी येते आणि ओरडण्याचेंही त्राण राहत नाहीं.

तिसरी स्वच्छता. चादर उचलून गादीचे शिवणीचे कोपरे दिव्याच्या उजेडांत पाहावे. तेथें बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकणांची वस्ती आहे असें समजावें, आणि दुसरी खोली मागावी. पंखा चालवून त्याचा आवाज ऐकावा. मग दार लावून अर्धा मिनिट स्वस्थ उभें राहावें. जें आतां ऐकूं येतें तेंच रात्रभर ऐकावें लागणार आहे. इतकें पाहून मन मानलें, तर खुशाल पिशवी खालीं ठेवावी.

पिशवींत काय असावें? स्वतःची एक चादर, एक लहान कुलूप, विजेरी, डास वारण्याचें मलम, पाण्याची बाटली, नित्याचीं औषधें आणि दोरीचा एक तुकडा. एवढ्यानें पिशवी जड होत नाहीं.

आपलें एवढें पाहून झालें म्हणजे आपल्यामागून येणाऱ्याचाही विचार मनांत यावा. इंडोनेशियांत जावा बेटावर लहान गांवांतून स्वस्त उतारूघरें असतात. त्यांना लोसमेन म्हणतात. हा शब्द डच लोकांबरोबर तिकडे गेला, आणि मुळांत आपल्या 'लॉज' या शब्दाचा तो भाऊबंदच आहे. तेथील जुन्या पद्धतीच्या स्नानघरांत एक हौद भरलेला असतो, आणि आपल्या तांब्यासारख्या भांड्यानें पाणी घेऊन अंगावर ओतावयाचें असतें. नवखा परदेशी प्रवासी हौद स्नानासाठींच आहे असें समजून आंत उतरला, तर मागून येणाऱ्या सर्वांचें पाणी खराब होतें. आपल्याकडे हौद नसला तरी न्याय तोच आहे. भिंतीवर पानाची पिचकारी, मोरींत कोंबलेला कचरा, चादरीला पुसलेले हात, हें सारें पुढच्या उतारूच्या वांट्याला जातें. आणि तो उतारू कदाचित् दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रियेला जाणारा असतो.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका लहान लॉजची व्यवस्था पाहतो. त्याला मीं ही गोष्ट सांगितली तेव्हां तो हंसून म्हणाला, "गुरुजी, जो आधीं खोली बघायला मागतो, त्याला वाईट खोली दाखवायची आमची छाती होत नाहीं. आणि जो नीट बोलतो, त्याच्यासाठीं रात्रीं बारालाही उठावंसं वाटतं." माझ्या साऱ्या भाषणाचें सार या दोन वाक्यांत आलें आहे.

आठ दिवसांनीं आम्ही त्याच शहरीं पुन्हां गेलों. या वेळीं दुपारींच पोंचलों. तीन लॉज पाहिले. तिसऱ्यांतली मागच्या बाजूची खोली घेतली. आंतून कडी लावून पाहिली ती मीं. गादी उलटून पाहिली ती तिनें, तीही एकाच डोळ्यानें. भाडें पहिल्या लॉजपेक्षां अडीचशें रुपयांनीं अधिक होतें. ती रात्रीं नऊ वाजतां झोंपली, ती सकाळीं मीं हांक मारीपर्यंत उठली नाहीं. शस्त्रक्रिया ठरल्या वेळीं झाली. आतां ती पोथी चष्म्याशिवाय वाचते, आणि परगांवीं मुक्कामाला गेलों म्हणजे मी पिशवी खालीं ठेवतों कीं काय, इकडे तिचें बारीक लक्ष असतें.