घरचा फ्राइड राइस बिनसतो कुठे?

संध्याकाळी सातनंतर माहीमला आमच्या गल्लीच्या तोंडाशी चायनीजची गाडी लागते. कढईवर पळी आपटल्याचा ठणठणाट तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो आणि आमचे बारा वर्षांचे चिरंजीव ताटातल्या वरणभाताकडे परक्यासारखे बघू लागतात. म्हणून एकदा घरीच घाट घातला. सॉस गाडीवरचेच, गोपी टँकच्या मंडईतून आणलेली फरसबी, गाजर, कोबी, शिवाय चिमूटभर अजिनोमोटो. झाली ती तपकिरी, व्हिनेगरचा वास मारणारी खिचडी. "आई, ते लोक काहीतरी सीक्रेट घालतात," मुलाने निकाल दिला.

ते सीक्रेट बघायला मी चक्क गाडीशी जाऊन उभी राहिले. जिन्नस सगळे ओळखीचेच होते. फक्त भात भल्यामोठ्या परातीत पसरलेला, शीत न् शीत सुटं. कढईत एका वेळी दोनच प्लेटी. तिसरं गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याचा भात वेगळा. मीठ आणि सॉस अगदी शेवटी, तेही कढईच्या तापलेल्या कडेवरून. मी घरी चौघांचा भात एकदम लोटला होता आणि भाज्यांवर सुरुवातीलाच मीठ भुरभुरवलं होतं.

सगळी गोची पाण्याची आहे. कढईत पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसं वर चढत नाही आणि तो खमंगपणा यायला साधारण १४० अंश तरी लागतात. मिठाने कोबीला पाणी सुटतं, गार भाताच्या ढिगाने कढई निवते, आणि परतायचं राहून सगळं वाफेवर शिजत बसतं. गाडीवरची हाय प्रेशर शेगडी घरच्या बर्नरच्या कित्येक पट आच देते, त्यामुळे तिथे पाणी क्षणात उडतं. त्या शेगडीशिवाय घरी जमणारच नाही, हा मात्र गैरसमज. लोखंडाची किंवा बिडाची कढई धूर दिसेपर्यंत तापवावी आणि एका वेळी दीड-दोन वाट्याच भात टाकावा. चार माणसांना दोन-तीन घाणे लागतील, लागू देत. नॉनस्टिक भांडं मात्र या कामाला नको. त्याचा थर २६० अंशांच्या आसपास बिघडायला लागतो.

बासमतीच हवा, हेही खरं नाही. चीनमध्ये काही बासमतीचा फ्राइड राइस करत नाहीत. आपला कोलम उत्तम चालतो. आंबेमोहोर आणि इंद्रायणी मात्र जात्याच चिकट, ते वरणाखालीच शोभतात. तांदूळ तीनदा धुवावा, भरपूर उकळत्या पाण्यात शिजवावा आणि किंचित कणी असतानाच चाळणीत ओतावा.

"भात शिळाच हवा" यात निम्मं तथ्य आहे. गार होताना शिजलेलं स्टार्च पुन्हा आवळून बसतं, शितं कडक होतात, वरचं पाणी सुकतं. फोडणीचा भात करणाऱ्या घरांना हे सांगायला नको. पण परातीत पसरून पंख्याखाली तासभर ठेवलेला ताजा भातही तेवढंच काम देतो. रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला भात मात्र मुंबईच्या दमट हवेत धोक्याचा. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि ओकाऱ्या आणणारं विष तयार करतात. ते विष पुन्हा परतल्यानेही जात नाही. तेव्हा तासाभरात भात फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी कढईत.

अजिनोमोटोला आपण उगाच खलनायक केलंय. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनतज्ज्ञाने समुद्री शेवाळाच्या सारातून अजिनोमोटोतलं ग्लुटामेट वेगळं काढलं. पिकल्या टोमॅटोतही ते असतंच. बदनामी सुरू झाली १९६८ मध्ये. अमेरिकेतल्या एका डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, की चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं. कारणांचे त्यांनी नुसते अंदाज केले होते, त्यातला अजिनोमोटो हा एक. पुढे काटेकोर चाचण्या झाल्या, तेव्हा जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणात तसा परिणाम सातत्याने दिसला नाही. रिकाम्या पोटी तीन ग्रॅम किंवा जास्त घेतलं तर काहींना थोडा वेळ त्रास होतो, इतकंच. पण अजिनोमोटोवाचून राइस बिनसतो, हेही खोटं. माझी खिचडी त्याच्यासकट झालीच की!

आणि हे सगळं चीनचं? मंचुरियनचं श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांना देतात. १९७५ च्या सुमारास चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी ते केलं, असं सांगतात. 'शेजवान' हे नाव सिचुआन प्रांताचं, पण आपल्या शेजवान चटणीत सुकी लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर. तिथल्या जेवणाची खूण असलेली, जिभेला झिणझिण्या आणणारी सिचुआन मिरी बहुधा नसतेच. गंमत अशी, की त्या मिरीचं सख्खं भावंड कोकणात आहे: तिरफळ. दोन्ही झँथॉक्सिलम प्रजातीतली, दोन्हींचं काळं बी टाकून फक्त टरफल वापरायचं.

सिटीलाइटच्या बाजारातून बांगडे आणले की आमच्या तिखल्यात तिरफळ पडतंच. डब्यातली पाच-सहा मी भाजून कुटली आणि लसूण-मिरचीच्या चटणीत घातली. भात आदल्या दिवशीचा, फ्रिजमधला. घाणे दोन. मुलाने पहिला घास घेतला, जीभ बाहेर काढली आणि म्हणाला, "आई, बांगडा कुठाय?"