कडू भाजीवरील खरवड

दूध आटविलेलें पातेलें रिकामें झालें म्हणजे त्याच्या कडांस चिकटलेली खरवड कोणीं खावयाची, यावरून घरोघर भांडणें होतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. फ्रेंच भाषेंत या खरवडीला 'ग्रातँ' असा शब्द आहे, आणि तोही आपल्या शब्दाप्रमाणेंच खरवडणें या अर्थाच्या धातूपासून झालेला आहे. पुढें त्याचा अर्थ पालटला. आतां भांड्याच्या तळाचा थर नव्हे, तर भट्टींत भाजलेल्या पदार्थाच्या माथ्यावर जें तांबूस कवच येतें तें, आणि तसें कवच असलेला सगळा पदार्थच, या नांवानें ओळखला जातो. या जातीचे पदार्थ युरोपांत पुष्कळ आहेत. त्यांपैकीं बेल्जियम देशांतील एकाची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे. मुलांना कडू भाजी खावयास कशी लावावी, हा सर्व देशांतील आईबापांपुढील जुना प्रश्न आहे. त्याचें एक चांगलें उत्तर या पदार्थांत सांपडतें.

भाजीचें नांव ब्रुसेल्स शहरांतील फ्रेंच बोलणारे लोक 'शिकों' असें घेतात. फ्लेमिश लोक तिला 'विटलोफ', म्हणजे पांढरें पान, म्हणतात. आणि फ्रान्समध्यें तिलाच 'आंदीव' हें नांव आहे. दिसावयास ती मक्याच्या लहानशा कोंवळ्या कणसासारखी, वीतभराहून कमी लांब, घट्ट मिटलेल्या पानांची आणि टोंकाशीं फिकट पिवळी असते. ही वनस्पति आपणांस अगदींच परकी नाहीं. दक्षिणेकडील कॉफींत जी चिकोरीची पूड मिसळतात ती याच वनस्पतीचीं मुळें भाजून केलेली असते. गुजराथेंत त्या मुळांची लागवड होते. आणि युनानी हकिमांची 'कासनी' ती हीच. रानांत ती आपोआप उगवते, तेव्हां तिला निळीं सुंदर फुलें येतात. नेपोलियननें १८०६ सालीं इंग्लंडच्या व्यापारावर बंदी घातली, कॉफी दुर्मिळ झाली, आणि फ्रान्समध्यें चिकोरीच्या मुळांस एकदम महत्त्व आलें. बेल्जियम त्या वेळीं फ्रेंचांच्याच अमलाखालीं होतें.

त्या मुळांपासून पांढरी भाजी कशी निघाली याविषयीं अशी आख्यायिका सांगतात कीं, १८३० सालच्या बेल्जियन राज्यक्रांतीच्या धामधुमींत एका शेतकऱ्यानें आपलीं मुळें तळघरांत मातीखालीं लपविलीं. कांहीं दिवसांनीं पाहतो तों त्यांना पांढरे कोंब फुटलेले! आख्यायिका ती आख्यायिकाच. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ब्रुसेल्सच्या वनस्पति-उद्यानांतील मुख्य माळी ब्रेझिए यानें ही लागवड पद्धतशीर केली, असें श्रेय त्याला दिलें जातें.

ही लागवड दोन खेपांची आहे. उन्हाळ्याच्या आरंभीं बीं पेरितात. शरद् ऋतूंत मुळें खणून काढितात, त्यांवरील हिरवा पाला छाटून टाकितात, आणि मुळें थंड जागीं ठेवितात. मग तीं पूर्ण अंधारांत, उबदार जागीं, एकास एक लावून उभीं करितात. पूर्वीं हें मातीच्या चरांत, वर मातीचा थर देऊन, होत असे. अजूनही कांहीं शेतकरी तसें करितात, परंतु आतां बहुतेक ठिकाणीं अंधाऱ्या खोल्यांतून नुसत्या पाण्याच्या तबकांत मुळें ठेविलेलीं असतात. तीन-चार आठवड्यांत कोंब तयार होतो. त्याला अन्न मिळतें तें मुळांतल्या सांठ्यांतून. प्रकाश नसल्यामुळें हरितद्रव्य मात्र बनत नाहीं. अंगणांत महिनाभर पडून राहिलेली फरशी उचलली तर तिच्याखालचें गवत पांढुरकें दिसतें, तो प्रकार हाच. ऐन हिंवाळ्यांत, बाहेर शेतें गोठलेलीं असतां, ताजी भाजी मिळावी यासाठीं हा सारा खटाटोप. ही भाजी प्रकाशांत उघडी ठेविली तर ती हिरवी होऊं लागते व अधिक कडू होते. म्हणून ती गडद रंगाच्या कागदांत झांकून बाजारांत पाठवितात.

आतां या कडूपणाविषयीं. अंधारांत वाढल्यानें तो पुष्कळ कमी होतो, पण जात नाहीं, आणि देंठाकडील गाभ्यांत तो सर्वांत अधिक असतो. मोठ्यांपेक्षां लहान मुलांस कडू चव सामान्यतः अधिक तीव्रतेनें जाणवते. म्हणून पानावरची कारल्याची भाजी बाजूस सारणाऱ्या मुलाला आईबापांनीं केवळ हट्टी समजूं नये. त्याची जीभ खरेंच कांहीं वेगळें सांगत असते. आमच्या गृहिणी कारल्याला मीठ लावून तें पिळून काढितात. त्यानें कडू रस निघून जातो हें तर खरेंच, परंतु मिठाचें दुसरेंही एक काम आहे. मिठानें जिभेस होणारी कडूपणाची जाणीव दबते, असें १९९७ सालीं 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनीं दाखविलें. बेल्जियन गृहिणीनें शिकोंभोंवतीं हॅमचा खारट काप गुंडाळला तो हें शास्त्र वाचून नव्हे. पण तिचा हात बरोबर पडला. दुधातुपाच्या स्निग्धपणानेंही कडू चव सौम्य होते.

चौघांपुरतें साहित्य असें: शिकों ८, हॅमचे पातळ काप ८, लोणी ८० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, दूध अर्धा लिटर, किसलेलें चीज १५० ग्रॅम, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर साखर, मिरपूड व जायफळ. चीज स्वित्झर्लंडमधील ग्रुइएर जातीचें असेल तर उत्तम, नसल्यास बाजारांत मिळेल तें. हॅम म्हणजे डुकराच्या मागील मांडीचें, खाऱ्या पाण्यांत मुरवून उकडलेलें मांस. ज्या घरीं तें निषिद्ध आहे त्यांनीं तें खुशाल गाळावें. मिठाचें माप तेवढें किंचित् वाढवावें, म्हणजे वर सांगितलेलें काम अडणार नाहीं.

प्रथम देंठाकडून सुरीनें गाभ्याचा शंकूसारखा तुकडा कोरून काढावा. ३० ग्रॅम लोण्यांत शिकों ठेवून वर लिंबाचा रस व साखर घालावी, आणि झांकण देऊन मंद आंचेवर सुमारें अर्धा-पाऊण तास शिजूं द्यावे. पुष्कळ जण ते सरळ पाण्यांत उकडतात. माझ्या मतें ही पद्धत वाईट, कारण या भाजींत मुळांतच शंभर भागांत सुमारें ९५ भाग पाणी असतें. त्यांत आणखी पाणी कशाला? हा पदार्थ बिघडतो तो बहुतेक याच एका कारणानें. शिजलेले शिकों चाळणींत उभे करून निथळावे, आणि मग हातानें हलकेच दाबून पिळावे. ही पायरी घाईंत उरकली तर भट्टींत तें सारें पाणी बाहेर येतें, सॉस फुटतो, आणि पाहुण्यांपुढें कवचाखालीं पाण्याचें तळें दिसतें.

सॉसला बेशामेल म्हणतात. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाच्या पदरीं बेशामेय नांवाचा एक कारभारी होता, त्याचें नांव त्याला मिळालें. त्यानें स्वतः तो कधीं ढवळला असेल असें मात्र वाटत नाहीं. उरलेलें लोणी वितळवून त्यांत मैदा दोन मिनिटें परतावा, तांबूस होऊं देऊं नये. मग दूध थोडें थोडें घालून सारखें ढवळावें. पिठल्यांत गुठळ्या कां होतात हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस यांतील मर्म लगेच कळेल. कोरडें पीठ एकदम गरम पाण्यांत पडलें कीं बाहेरचे कण फुगून चिकट होतात आणि आंतलें पीठ कोरडेंच कोंडलें जातें. आधीं लोण्यांत परतल्यानें प्रत्येक कणाभोंवतीं स्निग्धाचा लेप बसतो व कण सुटे राहतात. सॉस दाट झाला म्हणजे खालीं उतरवून मिरपूड, जायफळ व दोन तृतीयांश चीज घालावें. विस्तवावर चीज घालूं नये; फार तापलें कीं त्यांतील तूप सुटतें व बाकीचें चिवट होतें. मीठ चाखूनच घालावें, कारण हॅम व चीज दोन्ही खारट.

प्रत्येक शिकों हॅमच्या कापांत गुंडाळून लोणी लावलेल्या पसरट भांड्यांत ओळीनें मांडावा, वर सॉस ओतावा, उरलेलें चीज पसरावें, आणि २०० अंश उष्णतेच्या भट्टींत वीस ते पंचवीस मिनिटें ठेवावें. दुधांतील प्रथिनें व साखर यांचा उष्णतेनें संयोग होऊन वरचा थर तांबूस व खमंग होतो. या क्रियेचें वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यानें १९१२ सालीं केलें, आणि तिला त्याचेंच नांव आहे. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यावर झांकण ठेवून त्यावर निखारे घालावे. खालीं आंच अगदीं बेताची असावी.

आपल्याकडे शिकों सर्वत्र मिळत नाहींत. फुलकोबीचे तुरे अर्धवट शिजवून, पुरते कोरडे करून, याच रीतीनें करितां येतात. हॅमचे बारीक तुकडे त्यांत मिसळावे. गुंडाळावयाचें कारण नाहीं. बेल्जियममध्यें याजबरोबर बटाटे कुसकरून, दूध व लोणी घालून वाढतात. भट्टींतून काढल्यावर दहा मिनिटें थांबावें, नाहींतर आंतल्या गरम रसानें जीभ भाजते. मुलांस वाढतांना तर शिकों मध्यें कापूनच पानावर ठेवावा.