अंथरुणावरच्या माणसाची काळजी : काय शिकायचं, काय पाळायचं

तारकर्लीहून आम्ही बोलतोय.

आज ज्या कामाविषयी बोलायचं आहे, ते आपल्यातल्या बऱ्याच जणी करतात, पण त्याला धड नाव नाही. कोणी म्हणते, "आजींना बघायला जाते." कोणी म्हणते, "पेशंट सांभाळते." शहरात याच कामाला केअरटेकर किंवा नर्सिंग असिस्टंट म्हणतात आणि त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं. आपल्याकडे मात्र "बाईमाणसाला काय शिकवायचं त्यात" असं म्हणून ते आपल्या अंगावर येतं. सासूचं केलं, आईचं केलं, म्हणजे येतंच, असं आम्हालाही वाटायचं. ते तसं नाही, हे आम्ही चूक करून शिकलो.

आपल्या जिल्ह्यात हे काम वाढतच जाणार आहे. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांच्या वर होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. देशभर माणसं वाढत असताना आपल्याकडे घटली. दर हजार पुरुषांमागे बायका १०३६. कारण आपल्याला सांगायला नको. तरणीताठी माणसं मुंबईला, गोव्याला गेली. घरात राहिली म्हातारी माणसं. चाकरमानी चतुर्थीला येतो, शिमग्याला येतो, बाकीचं वर्ष आई-वडिलांना कोण बघतं? शेजारीण, सून, नाहीतर पगारावर ठेवलेली आपल्यातलीच एखादी.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या दोघी पाळीपाळीने एका आजींकडे जात होतो. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेलेली. मे महिन्याचे दिवस, पुढच्या खोल्यांत पर्यटक, घरची माणसं त्यांच्या जेवणखाण्यात. आजी मागच्या खोलीत उताण्या पडून. एक दिवस पुसताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला. आम्हाला वाटलं घामोळं. आम्ही पावडर टाकली, तेल लावून चांगलं चोळलं. चार दिवसांत कातडी सुटली आणि जखम झाली.

खरी चूक त्यापुढची. दोन दिवस आम्ही घरच्यांना सांगितलंच नाही. काम जाईल, बोल लागेल, ही भीती. त्या दोन दिवसांत जखम खोल गेली. ती भरायला अडीच महिने लागले. आजी काही बोलल्या नाहीत, पण कूस बदलताना तोंड घट्ट मिटून घ्यायच्या ते आम्ही विसरलेलो नाही.

आज जे सांगणार आहोत त्याचं सार या एका गोष्टीत आहे. चट्टा कशाचा ते माहीत नव्हतं, हे ज्ञान कमी पडलं. दिसलेलं लपवलं, ही नीती कमी पडली. या कामाला दोन्ही लागतं.

कातडी

माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये मांस दाबलं जातं. तिथलं रक्त थांबतं आणि ती जागा आतून मरायला लागते. यालाच आपण पाठ लागणं म्हणतो. माकडहाड, कमरेची दोन्ही हाडं, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची हाडं आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात बघायची. लाल चट्टा दिसला तर बोटाने हलकेच दाबून सोडा. जागा पांढरी पडून परत लाल झाली तर तिथे अजून रक्त फिरतंय. लालच राहिली तर ती पहिली पायरी समजा आणि त्याच दिवशी घरच्यांना आणि नर्सताईंना सांगा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे जागा काळसर, गरम किंवा टणक लागते का ते हाताने बघा.

चट्ट्यावर चोळायचं नाही. आतलं नाजूक मांस चोळल्याने आणखी फाटतं. दर दोन तासांनी कूस बदला : उजवी, उताणं, डावी. पाठीला उशीचा टेका द्या, दोन गुडघ्यांमध्ये घडी घातलेली गोधडी ठेवा, पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी करा. माणसाला ओढून सरकवू नका, उचलून सरकवा. दोघींनी चादरीची टोकं धरून उचललं की कातडी घासत नाही आणि आपली कंबरही वाचते. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते. चादरीला सुरकुती नको, ओल नको.

घास आणि पाणी

पडून असलेल्या माणसाच्या तोंडात कधीही घास किंवा पाणी घालू नका. ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. आधी पाठीला टेकू देऊन बसतं करा, हनुवटी थोडी खाली ठेवा. छोटा चमचा, छोटा घास. पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही. पक्षाघात असेल तर घास चांगल्या बाजूच्या गालात द्या. जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवा. गुंगीत असलेल्याला भरवू नका. पातळ पाण्यानेच ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. अशांना घट्टसर पेज सोपी जाते.

आणि मासे. आपल्या माणसाला दहा दिवस नुसती पेज दिली की ते तोंड फिरवतं. हा हट्ट नव्हे, जन्मभराची जिभेची सवय आहे ती. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर द्या, पण पेडव्यासारखा काट्यांचा मासा नको. जाड तुकडीचा घ्या, बोटांनी कुस्करून काटे काढून भातात कालवा. रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असेल तर खारवलेला सुका बांगडा टाळा, त्यात मीठ फार. जेवणानंतर तोंड स्वच्छ करा. कवळी काढून धुवा. झोपताना ती तोंडात ठेवू नका.

स्वच्छता

माणसाला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने किमान २० सेकंद हात धुवा. बोटांच्या मधली जागा आणि नखं विसरू नका. बाईमाणसाला धुताना पुढून मागे पुसा, उलटं नाही. नाहीतर शौचाकडचे जंतू लघवीच्या मार्गात जातात. लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेपेक्षा खाली टांगा, पण जमिनीला टेकू देऊ नका. नळीला पीळ पडला नाही ना ते बघा. लघवी गढूळ, लालसर किंवा कमी झाली तर लगेच कळवा.

पक्षाघाताच्या किंवा मधुमेहाच्या माणसाला शेकायची पिशवी लावू नका. त्याला चटका कळत नाही, फोड आल्यावरच आपल्याला दिसतं.

धावपळ कधी करायची

तोंड अचानक वाकडं झालं, एक हात वर उचलता येईना, बोलणं बोबडं झालं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेल चोळत, उतारा काढत बसू नका. सुरुवात किती वाजता झाली ते घड्याळात बघा आणि १०८ ला फोन करा. गाठ विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्याकडून ओरोस किंवा बांबोळी गाठायची तर रस्त्यातच किती वेळ जातो, हे आपण जाणतो.

मधुमेहाचं माणूस अचानक घामाघूम झालं, थरथरलं, भलतंसलतं बोलू लागलं, तर साखर उतरली असेल. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. एका कुशीवर झोपवा आणि १०८ ला बोलवा.

आपली हद्द

इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, नळी घालणं किंवा काढणं, गोळी बदलणं, डोस कमी-जास्त करणं हे आपलं काम नाही. घरचे म्हणतील, "ताई, तुम्ही इतकं करता, एवढं टोचून द्या की." नम्रपणे नाही म्हणा. गोळी कुटून द्यावी का, हेही विचारूनच ठरवा, कारण काही गोळ्या कुटल्या की औषध एकदम अंगात जातं. आपलं काम बघायचं आणि कळवायचं. साध्या वहीत रोज लिहा : किती खाल्लं, किती प्यायलं, शौच, लघवी, ताप, कातडी, गोळ्या दिल्याची वेळ. पुढच्या पाळीची बाई आली की वही तिच्या हातात द्या.

मन कसं हवं

त्याच आजींनी आम्हाला एकदा सुनावलं होतं, "माका इचारल्याशिवाय माझा लुगडा ओढू नको गो." आम्ही घाईत होतो. पण त्यांचं खरं होतं. शरीर लुळं पडलं म्हणून लाज जात नाही. तेव्हापासून आम्ही आधी सांगतो, "आजी, आता कूस बदलते हं," आणि त्या हो म्हणाल्या की हात लावतो. दार लोटून घेतो, जेवढं धुवायचं तेवढंच उघडतो. नाही म्हणाल्या तर दहा मिनिटांनी परत विचारतो.

घरातली गोष्ट घरात ठेवायची. कोणाची अंघोळ कशी होते, सून काय बोलली, मुलाने पैसे पाठवले की नाही, हे विहिरीवर बोलायचं नाही. मोबाइलवर फोटो काढायचा नाही.

मारायचं नाही, ओरडायचं नाही, बांधायचं नाही. विस्मरणाचं माणूस तेच तेच विचारतं, रात्री उठून 'घरी जायचं' म्हणतं. तो मेंदूचा आजार आहे, हट्ट नाही. राग आवरेना तर माणूस सुरक्षित आहे ना ते बघा आणि पाच मिनिटं खळ्यात जाऊन उभ्या राहा.

पैशाला आणि दागिन्याला हात लावायचा नाही. सामान आणायला पैसे दिले तर बिल ठेवायचं. कुठल्याही कागदावर म्हाताऱ्या माणसाचा अंगठा घेताना साक्षीदार म्हणून सही करायची नाही, मग सांगणारा घरचा का असेना. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत मागता येते. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा. कोणी उपाशी ठेवतंय, मारतंय असं दिसलं तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे, सकाळी ८ ते रात्री ८ चालतो.

आणि आपल्या हातून चूक झाली तर त्याच दिवशी सांगायचं. बोल लागेल, कदाचित कामही जाईल. पण आम्ही लपवलेल्या दोन दिवसांची किंमत आजींनी मोजली, आम्ही नाही.

आपलं काय?

हे हलकं काम नव्हे. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथे विधवा आणि गरजू बायकांना परिचारिकेचं शिक्षण दिलं. त्या काळी चांगल्या घरच्या बायकांनी परक्या आजाऱ्याला हात लावणं लोकांना रुचत नव्हतं. त्या बायकांनी ते काम मानाचं केलं. केरळात तर गावोगावी साधी माणसं शिकून घेऊन अंथरुणावरच्या शेजाऱ्यांकडे आठवड्यातून जातात.

मान हवा तर अटीही स्पष्ट हव्यात. काम घेण्याआधी बोलून घ्या : तास किती, पगार किती आणि कोणत्या तारखेला, आठवड्याची सुट्टी कोणती, आपल्या सुट्टीत कोण बघणार, घरातली बाकीची कामं करायची की नाही. हे कागदावर लिहून दोघांकडे ठेवा. घरातल्या कोणाकडून त्रास झाला तर गप्प बसू नका. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरकाम करणाऱ्या बाईलाही संरक्षण आहे आणि तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते.

घरात आपल्याच माणसाचं करणाऱ्या सुनांनाही हेच लागू. त्यांना पगार नाही, म्हणून सुट्टी तरी द्या. बचत गटातल्या दोघींनी आठवड्यातून एक दुपार तिच्या सासूजवळ बसायचं ठरवलं तर ती झोपू शकेल, बाजारला जाऊ शकेल.

पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या वाडीत अंथरुणावर कोण कोण आहे त्यांची नावं काढा. प्रत्येकाकडे कोण बघतं ते विचारा. मग एकीला गादीवर झोपवून दोघींनी चादरीने कूस बदलून बघा. झोपणारीला विचारा, कसं वाटलं ते. ती जे सांगेल तो आपला पहिला धडा.

येतो मैत्रिणींनो. काळजी घ्या, दुसऱ्याची आणि स्वतःचीही.