‘क्लाउड’ आकाशात नाही, जमिनीवरच!

अष्टमीत मोबाइलवर काढलेला फोटो ‘क्लाउड’वर जातो, म्हणजे कुठे? डेटा सेंटरच्या इमारतींत. अ‍ॅमेझॉनने २०१६मध्ये मुंबईत आपले ‘रीजन’ सुरू केले. त्यात आज तीन ‘झोन’ आहेत. प्रत्येक झोनची वीज आणि कूलिंग वेगळे. अंतर मात्र शंभर किलोमीटरच्या आतच.

एक प्रत रोह्यात, दुसरी कुंडलिकेपलीकडे अष्टमीत ठेवावी, तसेच हे. एका घराला आग लागली तर दुसरी प्रत वाचते. मोठा पूर आला तर दोन्हीकडे पाणी!

त्यासाठी दूरचे रीजन हवे. अ‍ॅमेझॉनचे हैदराबादचे रीजन २०२२मध्ये सुरू झाले. पण तिथे प्रत सहसा आपोआप जात नाही. अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीला ती सोय पैसे मोजून करावी लागते. म्हणून महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत घरीही ठेवा.